विनाकारण : लातूर-नांदेडच्या रस्त्यावरची टिपणं

तुळजापूर सोडल्यावर

आमच्या मराठवाड्यातला माणूस कारणाशिवाय गाव सोडत नाही. शिकायला लातूर, दवाखान्याला सोलापूर नाहीतर हैदराबाद, पोटासाठी पुणे-मुंबई, नवस फेडायला तुळजापूर. ऊसतोडीला जाणाऱ्यांचा संसार तर निम्मं वर्ष गाडीवरच. माझ्या माहेरी लहानपणी 'चला, फिरून येऊ' असं कुणी म्हटल्याचं आठवत नाही. जायचं ते कामाला, लग्नाला नाहीतर मातीला. धाकट्या भावानं पुण्यात एक जुनी मर्सिडीज घेतली आणि फोनवर म्हणाला, "ताई, डिसेंबरात हिला घेऊन आपल्याच भागात हिंडू. काही काम काढायचं नाही." गाडीपेक्षा मला त्या शेवटच्या वाक्याचं अप्रूप वाटलं.

गाडीबद्दल, एकदाच

मर्सिडीज-एएमजी सी ४३ कूपे. दोन दारं, लांब नाक, मागे उतरत गेलेलं छत. तीन लिटरचं व्ही-सिक्स इंजिन, त्याला दोन टर्बो, ३९० अश्वशक्ती, चारही चाकांना ताकद, थांबलेल्या अवस्थेतून ताशी शंभरवर ४.७ सेकंदांत. २०१९ मध्ये ती भारतात आली तेव्हा शोरूमची किंमत ७५ लाख होती. अशा गाड्यांचा भाव पहिल्या काही वर्षांतच झपाट्यानं उतरतो, म्हणून ती पगारदार माणसाच्या दारात येऊ शकली.

हिचा संसाराला उपयोग फारसा नाही. मागे दोन सीटं आहेत, पण तिथं शिरायला पुढची सीट वाकवून, अंग चोरून जावं लागतं. गुडघे दुखणारं माणूस तिथं बसणार नाही. पोतं ठेवता येत नाही. ही गाडी निव्वळ रस्त्यानं जाण्यासाठी घडवलेली आहे, आणि ती कुणीतरी इतक्या निगुतीनं, एकेका वळणाचा विचार करून घडवली, याचा मला मनापासून आदर वाटतो.

रस्ता

राष्ट्रीय महामार्ग ३६१. तुळजापूरहून निघून औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड करत पुढे यवतमाळ-वर्ध्यावरून नागपूरजवळच्या बुटीबोरीला लागतो. मी कॉलेजात होते तेव्हा लातूर-नांदेड म्हणजे अरुंद डांबरी रस्ता, दोन्हीकडे बाभळी, आणि एसटीत पुढच्या सीटची दांडी घट्ट धरून बसायचं. आता बहुतेक ठिकाणी काँक्रीट आणि मधे दुभाजक.

डांबर आमच्याकडे का टिकत नाही, याचं कारण खालच्या काळ्या मातीत आहे. पाणी मिळालं की ती फुगते. उन्हाळ्यात आटली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दरवर्षीच्या या फुगण्या-आटण्यानं वरचं डांबर आधी लाटा धरतं, मग तडकतं. जी माती कापूस, तूर, सोयाबीन देते तीच रस्ता मोडते. काँक्रीटची जाड लादी हे हेलकावे बरेच सोसते. लादी तडकू नये म्हणून साधारण साडेचार मीटरवर आडवा काप घेतलेला असतो. ताशी शंभरच्या वेगानं गेलं तर सेकंदाला सहा काप चाकाखालून जातात. मऊ गाडीत ते जाणवत नाहीत. हिचं सस्पेन्शन ताठ, टायरची बाजू बुटकी. प्रत्येक काप पाठीच्या कण्याला कळतो. मला ते आवडलं. रस्ता कसा बांधलाय, कुठं नीट भरलाय, कुठं घाई केलीय, हे बसल्या जागी समजतं.

औशाच्या पुढे भावानं स्टिअरिंग माझ्या हाती दिलं.

वेगाविषयी

दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कारला १०० ची मर्यादा. समृद्धी महामार्गावर १२० आहे, पण तिथं दोन्ही बाजूंना कुंपण, आत शिरायला ठरावीक जागा. आमचा रस्ता लोकांच्या वावरातून गेलाय. अर्धं शेत अलीकडे, अर्धं पलीकडे. विहीर एका बाजूला आणि गोठा दुसऱ्या. दुभाजकाच्या फटीतून बैलगाडी, शाळेची पोरं, डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेली बाई आडवी येते. तिनं थांबावं आणि मर्सिडीजनं जावं, असा हक्क मला कुठं दिसत नाही. मी शंभरच्या आत राहिले, गावाजवळ चाळिसावर.

त्यानं मजा कमी झाली का? नाही. या इंजिनाची खरी गोडी साठ ते शंभरच्या मधे आहे. समोरची ट्रॉली ओलांडायला रस्ता मोकळा दिसला की पायाचा हलका दाब पुरतो. गाडी आवाज खोल करते आणि दोन श्वासांत आपण पुढे असतो. ट्रॉलीच्या शेजारी, धोक्यात घालवलेला वेळ तेवढा कमी. मला वाटतं, अशा ताकदीचा आमच्या रस्त्यावरचा प्रामाणिक उपयोग हाच.

१५० गाड्या

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच दिवशी १५० मर्सिडीज घेतल्या. ६५ कोटींचा सौदा. मराठवाड्याला सगळे मागास म्हणतात, ते चित्र पुसायचं, असा त्यामागचा विचार होता. देशभर बातमी झाली. पुढे पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याच गाड्यांच्या कर्जाचं व्याज मांडलं : मर्सिडीजला ७ टक्के, आणि शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला त्याहून बरंच जास्त.

मला तेव्हा दोन्ही गोष्टी एकदम वाटल्या होत्या आणि आजही वाटतात. आपल्याकडच्या माणसानं कुणापुढे मान न वाकवता चांगली वस्तू घ्यावी, याचा आनंद. आणि जो पेरतो त्याला कर्ज महाग, याचा संताप. त्या संतापाला आनंदानं झाकू नये. या गाडीत बसूनही मी हेच म्हणेन की ट्रॅक्टरचं व्याज मर्सिडीजपेक्षा कमी असलं पाहिजे.

येळवस

लातूरला पोचलो तो दिवस मार्गशीर्ष अमावस्येचा, म्हणजे वेळा अमावस्या. आम्ही येळवस म्हणतो. ज्यांनी लातूर-धाराशिवकडची येळवस पाहिली नाही त्यांना सांगायला हवं. त्या दिवशी शहर रिकामं होतं. दुकानं बंद, गंजगोलाईत शुकशुकाट, आणि गावाबाहेर जाणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर मोटारसायकली, टेम्पो, जीपा, बैलगाड्या. ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात, ज्याला नाही त्याला कुणीतरी बोलावलेलं असतंच. ज्वारी पोटरीत आलेली असते, हरभरा घाटे धरत असतो. कडब्याची कोप करतात, आत पाच पांडव मांडतात, पूजा होते आणि पिकाभोवती आंबील शिंपडली जाते.

मावसभावाचं शेत औसा रस्त्याच्या आत, कच्च्या वाटेनं जायचं. वाटेच्या मधे गवताचा उंच वरंबा आणि दोन्ही बाजूंना ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या. कूपेचं पोट जमिनीपासून वीतभरही वर नाही. तिला वरंब्यावर नेणं शक्य नव्हतं. गाडी पक्क्या रस्त्याच्या कडेला लावली आणि चालत निघालो. मागून येणाऱ्या प्रत्येकानं थांबून विचारलं, "गाडी बंद पडलीय का?" एका बैलगाडीवाल्यानं आम्हाला बसवूनच घेतलं.

जेवण काय सांगावं. भज्जी : तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे ओले दाणे, मेथी, पातीचा कांदा, शेंगदाणे, जे शेतात आणि बाजारात हिरवं असेल ते सगळं, बेसन लावून शिजवलेलं. बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाची पोळी आणि मडक्यातली गार आंबील. भज्जी घरोघर वेगळी. कुणाची आंबट, कुणाची तिखट. वाढणाऱ्या बायका पानात जागा दिसली की हात थांबवत नाहीत.

दुपारी पोरं गाडी बघायला रस्त्यावर गेली, त्यांच्यामागे बाप्ये गेले. परत आल्यावर मावसभावाचे सासरे भावाला म्हणाले, "लई खाली हाय ओ. पावसाळ्यात काय करलालाव?" भावानं खरं सांगितलं, पुण्यात पाऊस जोराचा असला की काढत नाही. त्यांनी मान डोलावली. चांगल्या जनावराला जपावं लागतं, हे त्यांना पटण्यासारखंच होतं.

माझ्या मनात दुसराच विचार आला. विनाकारण प्रवास आमच्याकडे नसतो असं मी वर लिहिलंय. येळवशीला सगळं लातूर एका दिवसासाठी घरातून निघतं, त्यात विकायचं काही नसतं, आणायचं काही नसतं. पीक उभं आहे ते बघायचं, त्याच्याजवळ बसून जेवायचं. म्हणजे हे आमच्या रक्तात आहे, फक्त वर्षातून एकदाच बाहेर येतं.

नवं किल्लारी

३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना. भूकंपात हजारो माणसं दगडमातीच्या घरांखाली गेली. नंतर ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली. जुन्या गावांत बोळ इतके अरुंद होते की पडणाऱ्या भिंतींपासून पळायला वाव नव्हता. म्हणून नव्या गावांचे रस्ते सरळ आणि रुंद आखले. आमच्या अवघ्या प्रवासात गावातले इतके मोकळे रस्ते दुसरीकडे दिसले नाहीत. तिथं पहिल्या गिअरमध्ये, काचा खाली करून गेलो. कुठं थांबलो नाही.

गतिरोधक

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापात बसणारा गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. ताशी पंचवीसनं गेलं तर कुठलीही गाडी सहज ओलांडते. गावकऱ्यांनी स्वतः घातलेला मात्र उंच, अरुंद, टोकदार. तो का घातला हे विचारलं की बहुतेक वेळा एका मुलाचं नाव निघतं. तेव्हा तक्रार करू नये. गाडी तिरकी घ्यायची, एका वेळी एक चाक वर चढवायचं, मग नाक टेकत नाही. मागच्या बसनं हॉर्न वाजवला तरी घाई नको.

टायरचं गणित लिहून ठेवते. मागचं टायर २५५ मिलिमीटर रुंद आणि ३५ चं, म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ३५ टक्के : जेमतेम ८९ मिलिमीटर. साध्या छोट्या कारचं १६५/८० टायर घेतलं तर तीच उंची १३२ येते. खड्ड्याचा दणका या फरकात मुरतो. इथे मुरायला जागा नाही, तो थेट रिमवर जातो. हवा सकाळी गाडी थंड असताना बघायची. दुपारी दाब चार-पाच पीएसआय वर गेलेला दिसतो, तो कमी करायचा नाही.

ऊस आणि पेट्रोल

गाळपाचा हंगाम चालू. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्हींत उसाचा डोंगर, मागे लाल दिवा असेलच असं नाही. या गाडीत माणूस इतकं खाली बसतं की रात्री ट्रॉलीची मागची कड नेमकी डोळ्यांच्या उंचीवर येते. सूर्य मावळला की मुक्काम, हा नियम आम्ही दोघांनी पाळला आणि पुढे कुणी जाईल त्यानंही पाळावा. ट्रॉल्यांना मागे परावर्तक पट्ट्या लावायला किती खर्च येतो? प्रत्येक कारखान्यानं फाटकातच त्या लावून दिल्या पाहिजेत. हंगामाच्या दर आठवड्याला वर्तमानपत्रात कुणाचा ना कुणाचा फोटो येतो.

याच उसाच्या मळीपासून, रसापासून इथेनॉल होतं, ते तेल कंपन्यांच्या डेपोत जातं आणि पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळून परत इथल्या पंपावर येतं. इथेनॉलनं ऑक्टेन वाढतं, पण एका लिटरमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, त्यामुळे टाकी थोडी लवकर उतरते. परभणी-नांदेडकडचं पेट्रोल राज्यात महाग गणलं जातं, कारण टँकर मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून एवढं अंतर तोडून येतो. भावानं सोलापूरलाच जास्त ऑक्टेनचं भरून घेतलं होतं.

टोलनाक्यावर कूपेला आणि पुढच्या जुन्या अल्टोला एकच दर. दोन्ही कार-जीप-व्हॅन.

अहमदपूर

आत्याकडे चहाला थांबलो. तिनं गाडीला एक फेरी मारली, मागचं दार शोधलं, नाही म्हटल्यावर विचारलं, "मग मी कुठं बसू?" पुढे बसवून तिला बसस्थानकापर्यंत आणि परत फिरवून आणलं. सीट इतकी खाली की उतरताना दोघांनी हात दिला. वाटेत ती काहीच बोलली नाही. घरी आल्यावर शेजारणीला मात्र सगळं सांगितलं, अगदी सीट गरम होते हेसुद्धा. डिकीत करडईच्या तेलाचा डबा, तूरडाळ आणि शेंगदाण्याची चटणी आली. करडई आता आमच्या भागात फार कमी राहिली. सोयाबीननं तिची जागा घेतली. त्या तेलात फोडणी दिली की घर ओळखीचं वाटतं.

माळेगाव

याच रस्त्यावर, लोहा तालुक्यात. खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष अमावस्येच्या आगेमागे भरते. घोडे, गाढवं, उंट, बैल यांचा हा मोठा बाजार. पूर्वी भटक्या-विमुक्त समाजांच्या जातपंचायती इथं बसत. जिल्हा परिषद लाल कंधारी गाईबैलांचं प्रदर्शन भरवते, कुस्त्या होतात, लावणी महोत्सव होतो. भंडाऱ्यानं जमीन पिवळी.

गाडी लांब शेतात लावली आणि घोड्यांच्या बाजारात शिरलो. पांढरेशुभ्र, अबलख, काळेभोर. शेपटीला रंगीत फिती. गिऱ्हाईक आधी लांबून उभं राहून बघतं. मग दात, खूर, अंगावरचे भोवरे. शेवटी चाल. मालक घोड्यावर मांड टाकतो आणि मोकळ्या पट्टीवरून असा नेतो की स्वाराच्या डोक्यावरचा फेटा हलत नाही. भाव उपरण्याखाली बोटांनी ठरतो.

एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याशी भावाचं बोलणं चाललं. सहा-सात लाख सांगत होता एका काळ्या घोडीचे. भाऊ म्हणाला, एवढे पैसे देऊन हिचं करतात काय? म्हाताऱ्यानं आश्चर्यानं बघितलं. "करायचं काय? वरातीला, मिरवणुकीला जाती. पन घ्यायची ती चालीसाठी." भाऊ हसला नाही, त्यानं हात जोडले. त्याला स्वतःच्या गाडीबद्दल पुण्यात जेवढ्यांनी विचारलं होतं, त्या सगळ्यांना द्यायचं उत्तर त्याला इथं मिळालं.

लाल कंधारीच्या मांडवात मी बराच वेळ काढला. एकसारखा गडद लाल रंग, डोळ्यांभोवती काळी कड, नजर शांत. मन्याड नदीच्या खोऱ्यात, कंधार-लोहा-मुखेडकडे ही जनावरं पिढ्यान् पिढ्या राखली गेली. ट्रॅक्टर आल्यावरही ज्यांनी ती टिकवली त्यांना बक्षिसाच्या रकमेपेक्षा जास्त काहीतरी मिळायला हवं. चाऱ्याचा, पाण्याचा बंदोबस्त तरी.

नांदेड

शहरात शिरताना पंजाबच्या नंबरांचे ट्रक. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजींनी इथं देह ठेवला. सचखंड गुरुद्वाऱ्याची आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी १८३०च्या दशकात बांधवून घेतली. गुरुद्वाऱ्याच्या तबेल्यातही घोडे आहेत. दसऱ्याला, होळीला हल्लाबोलच्या मिरवणुकीत ते धावतात. लंगरमध्ये जेवलो. शेजारी लुधियानाहून आलेलं कुटुंब, पलीकडे मुदखेडचे दोन हमाल. गाडी कुणाची आहे हे तिथं कुणाला कळायचं कारण नव्हतं.

लातूर-नांदेड दोन्ही १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. सहाव्या निजामासाठी मागवलेली १९१२ची रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट, आत सिंहासनासारखी सीट असलेली, आज हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात आहे. ती आयुष्यात फारच थोडी चालली. त्याच राज्यात १९३२ साली सरकारी बससेवा २७ गाड्यांनिशी सुरू झाली. त्या बसगाड्यांनी किती माणसं हलवली असतील! गाडी चालण्यानं मोठी होते, असं माझं ठाम मत आहे, म्हणून भावानं ही कूपे पुण्याच्या तळघरात झाकून ठेवू नये, इथं आणावी.

देगलूर, उदगीर, देवणी

परतीला आतला रस्ता घेतला. देगलूरहून उदगीर. बालाघाटाच्या टेकड्या, वळणं, चढउतार. संबंध फेरीतला हाच भाग गाडीला मनासारखा मिळाला. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये, वळणाच्या आधी वेग कमी करून, वळण संपताना हळूच पाय द्यायचा. चारही चाकं रस्ता धरून ठेवतात आणि नाक नेमकं जिथं बघितलं तिकडे जातं. पुण्यातल्या गर्दीत हे कधी कळलं नसतं, असं भाऊ दोनदा म्हणाला. रस्ता मोकळा, ऊन कोवळं, ज्वारीवर पाखरांचे थवे. १७६०च्या लढाईचा उदगीरचा किल्ला पाहिला. कागदोपत्री सगळ्यांना माहीत, प्रत्यक्ष आमच्याशिवाय एक शाळेची सहल.

देवणीजवळ रस्त्यावर गाई आडव्या. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, लोंबत्या कानांची, भरल्या अंगाची जात. दूधही देते, बैलही चांगले होतात. गुराखी पोरगा सावकाश हाकत होता. इंजिन बंद करून थांबलो.

पुढचं

आता नांदेड-भोकर-किनवट-माहूर करायचं आहे. वाटेत पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा. भाऊ जुलैत म्हणतोय, मी नको म्हणते. काळ्या मातीत त्या दिवसांत साइडपट्टीवर चाक उतरलं तर गाडी ट्रॅक्टरनंच काढावी लागेल. किनवटच्या मामांना फोन करून रस्ता विचारला. त्यांनी मोठे खड्डे कुठं कुठं आहेत ते गावांच्या नावांसकट सांगितलं, मी ते वहीत उतरून घेतलं, आणि शेवटी म्हणाले, "पोळा झाल्यावर या. पाणी तोवर असतंय धबधब्याला. आणि दोन दिवस काढून या, जेवून लगेच निघायचं नाही."